हॅलोविन पार्टी किट, ८९९ रुपये: कटर आणि साचा चांगला, बाकी सगळं घरच्या सामानात होतं

आधीच सांगते, ५ पैकी अडीच स्टार देतेय आणि त्यातले दोन नुसत्या कटरला आहेत. किट ऑनलाइन मागवलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही कारण अशी किटं दहा जण विकतात आणि फोटो बघितले तर आतला माल बहुतेक सगळ्यांचा सारखाच दिसतो. पण ह्या किटच्या निमित्तानं घरात तीन दिवस जे काही चाललं होतं ते इतकं भारी झालं की तेही लिहितेय, रिव्ह्यू लांबणार आहे.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. भाऊबीजेला माझा भाऊ पुण्याहून आला आणि त्याची दोन्ही पोरं सुट्टीला इकडंच राहिली. त्यांच्या सोसायटीत दरवर्षी ३१ ऑक्टोबरला हॅलोविन करतात, पोरं भुतं बनून घरोघरी चॉकलेटं मागत फिरतात, आणि यंदा ते चुकणार म्हणून थोरल्याचं तोंड एवढंसं झालेलं. "आत्या, इथं कोणालाच माहीत नाही का गं?" असं त्यानं विचारलं आणि मला काही राहवलं नाही, त्याच रात्री किट ऑर्डर केलं. २९ तारखेला सकाळी आलं, म्हणजे डिलिव्हरी वेळेत झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

आत काय होतं तर कागदी अक्षरांचं तोरण, २० फुगे केशरी आणि काळे, कोळ्याच्या जाळ्याचं एक पाकीट, त्यात सहा प्लॅस्टिकचे कोळी, कुकी कटर तीन (भोपळा, भूत, वटवाघूळ), चॉकलेटचा सिलिकॉनचा साचा एक, कुकीचं प्रिमिक्स २०० ग्रॅम, खायच्या रंगाच्या दोन छोट्या बाटल्या आणि एक पुस्तिका. फोटोत टेबल भरून सामान दिसतं, हातात आलं तेव्हा बुटाच्या खोक्यात मावेल एवढं होतं.

सगळ्यात मोठी तक्रार रंगाची. केशरी बाटली गळून अर्धं तोरण आणि पुस्तिका भिजलेली, ते एक वेळ चालवून घेतलं असतं, पण बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबरच नव्हता. आपल्याकडं खाण्याच्या कुठल्याही पॅक केलेल्या वस्तूवर तो १४ आकडी लायसन्स नंबर असावा लागतो, रंगावर तर मी पहिलं तेच बघते, आणि इथं नुसता भोपळ्याचा स्टिकर, ना नंबर ना तारीख. पोरांच्या तोंडात जाणारी गोष्ट आहे ही. दोन्ही बाटल्या सरळ कचऱ्यात टाकल्या. ज्यांच्याकडं हे किट आलं असेल त्यांनी प्लीज बाटली फिरवून चारी बाजूनं बघा, नंबर नसेल तर वापरू नका.

दुसरं म्हणजे प्रिमिक्स. पाकिटावर हिरवा ठिपका आहे, म्हणून निर्धास्त होते, पण पुस्तिका उघडली तर त्यात एक अंडं घाला म्हणून लिहिलेलं. आमच्या घरात सासूबाईंमुळं अंडं शिजत नाही, आणि ऑर्डर करताना हे कुठंच दिसलं नव्हतं. मी अंड्याऐवजी तीन चमचे दूध घातलं, पीठ सैल झालं आणि ओव्हनमध्ये सगळी भुतं पसरून भाकरीसारखी गोल झाली, चवीला बरी होती पण ओळखू काही येईना, धाकटा तर "हा ढग आहे" म्हणाला. पुस्तिका सगळी इंग्लिशमध्ये आहे आणि मापं कपात, कपाची साइज कुठंच नाही.

फुग्यांतले चार फुगवतानाच फुटले. तोरणाची दोरी आखूड, आमच्या हॉलच्या एका भिंतीलाही पुरली नाही.

आता चांगलं. कटर स्टीलचे आहेत, कड नीट दुमडलेली आहे त्यामुळं पोरांच्या हाताला लागत नाही, आणि आकार तळहाताएवढा. भोपळ्याचा कटर सगळ्यात कामाचा, पीठ अलगद सुटून येतं. वटवाघळाच्या पंखांची टोकं कटरमध्येच अडकून राहतात, दरवेळी कोरड्या पिठात बुडवून घ्यायला लागतो. सिलिकॉनचा साचाही चांगला आहे, वास येत नाही, चॉकलेट पटकन सुटतं, त्याचा अर्धा स्टार.

तर रंग फेकले, प्रिमिक्स संपलं, आणि पार्टीला अजून दोन दिवस. पोरांना घेऊन मंडईत गेले.

तिथं भोपळ्याचा शोध सुरू झाला. टीव्हीत दिसतो तसा बाहेरून केशरी गुळगुळीत भोपळा आपल्याकडं सहसा मिळत नाही, आपलं डांगर बाहेरून हिरवं, पिवळसर ठिपक्यांचं आणि आतून केशरी. पोरं हिरमुसली, पण भाजीवाल्या मावशींनी ढिगातून एक सव्वादोन किलोचं, चपटं, खोल फाकी असलेलं डांगर काढून दिलं, साठ रुपये घेतले. हे कोरायला घेताना लहानच घ्या, कारण आपल्या डांगराचं साल टणक आणि गर जाड, मोठं घेतलं तर सुरी रुतून बसते. बूड सपाट बघून घ्या म्हणजे टेबलावर डुगडुगत नाही.

घरी आल्यावर मी सुरी लावणार तेवढ्यात सासूबाई आतून आल्या, "अगं थांब, अख्खा भोपळा बाईमाणसानं पहिला कापायचा नसतो, त्याला हाक मार." आमच्याकडं हे पाळतात, माझ्या माहेरीही पाळायचे. मग ह्यांना ऑफिसच्या कॉलवरून उठवून पहिला काप देऊन घेतला आणि पुढचं सगळं आम्ही केलं.

झाकण कापताना सुरी तिरकी, आतल्या बाजूला झुकवून धरायची, सरळ कापलं तर झाकण आत पडतं. एका बाजूला छोटी खाच ठेवली की झाकण परत कसं बसवायचं ते कळतं. मग बिया आणि धागे चमच्यानं खरवडून काढले, आणि ज्या बाजूला तोंड करायचं तिथला गर आतून बराच खरवडून भिंत दोन बोटं जाड ठेवली. हे केलं नाही तर डोळे कोरताना सुरी आरपार जातच नाही आणि जोर लावला की घसरते, त्यामुळं सुरीचं काम मोठ्यांनीच करायचं, पोरांनी मार्करनं तोंड काढायचं आणि बिया काढायच्या. धाकट्यानं कोपरापर्यंत हात आत घातला होता, बाहेर काढल्यावर बोटाबोटांत केशरी धागे लोंबत होते आणि दंडाला एक बी चिकटलेली, तो ते सगळ्यांना दाखवत घरभर फिरला.

कोरता कोरता माझ्या पोरीनं विचारलं की भोपळाच का. मग मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. हा सण मूळ अमेरिकेचा नाही, आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा. त्यांचा उन्हाळा संपून हिवाळा लागायचा तेव्हा सावन नावाचा सण असायचा, त्या रात्री मेलेल्या माणसांचे आत्मे परत येतात असं ते मानायचे. नंतर ख्रिश्चन लोकांचा सगळ्या संतांचा दिवस १ नोव्हेंबरला आला, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे ऑल हॅलोज ईव्ह, त्याचंच बोलताना हॅलोविन झालं. आणि तिकडं आधी भोपळा नव्हताच, सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, लोक अमेरिकेत गेले तेव्हा तिथं भोपळे आयते मिळाले, मोठे आणि कोरायला सोपे, मग तेच चालू झालं. सासूबाई शेजारी बसून बिया वेगळ्या करत ऐकत होत्या, म्हणाल्या, "म्हणजे आपल्या पितृपंधरवड्यासारखंच की त्यांचं, फक्त आपण वाढतो आणि ते मागत फिरतात." आणि मग पोरांना भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगायला लागल्या, पुण्याच्या पोरांनी ती पहिल्यांदाच ऐकली.

बिया धुऊन, पुसून, एक दिवस उन्हात वाळवून मंद आचेवर तुपात मीठ-मिरपूड लावून भाजल्या, वाटीभर झाल्या आणि जागच्या जागी संपल्या. पण पाणी नीट पुसलं नाही तर तडतडत नाहीत, चिवट होतात.

आता सगळ्यात भारी झालेली गोष्ट, घारगे. खरवडलेला आणि झाकणाखालचा गर किसून दोन वाट्या भरला. चमचाभर तुपात परतून, एक वाटी गूळ चिरून घातला, गूळ विरघळून गर मऊ झाला की गॅस बंद. कोमट झाल्यावर चिमूट मीठ, वेलची, दोन चमचे रवा आणि मावेल तेवढी कणीक, पाणी अजिबात नाही, थोडी हळद रंगाला. आता सांगलीत राहून केशरी रंगाची बाटली विकत आणायची म्हणजे खरंच गरज नव्हती, हळद आपल्या घरची आहे, डांगर स्वतःच केशरी आहे, तळल्यावर काय रंग आला सांगू! नेहमी आपण थापतो, इथं जाडसर लाटून किटमधल्या भोपळ्याच्या कटरनं कापले, पेनाच्या टोपणानं दोन डोळे पाडले आणि सुरीच्या टोकानं दातेरी तोंड. भोकं पाडल्यामुळं पुरीसारखे फुगत नाहीत, पण कडा खुसखुशीत होतात आणि तोंड तस्संच राहतं. मध्यम आचेवरच तळा, गुळामुळं पटकन काळे पडतात, माझे पहिले चार गेले. बाकीचे अठ्ठावीस झाले आणि थोरला म्हणाला की पुण्याच्या पार्टीत पण आत्या हे करायला ये.

चेटकिणीची बोटं म्हणजे नानकटाईचंच पीठ. एक वाटी तूप फेसून पाऊण वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, जरासं मीठ. पोरांनी आपापल्या बोटाएवढी वळली आणि तिथंच चुकलो, पहिला ट्रे भाजल्यावर सगळी बोटं फुगून केळ्याएवढी. दुसऱ्या वेळी पेन्सिलीएवढी बारीक वळली, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली, मग १६० डिग्रीवर १८ मिनिटं, तेव्हा बरोबर बोटं झाली. टोकाला भिजवून सोललेला बदाम नखासारखा दाबायचा, मधे सुरीच्या पाठीनं तीन तीन रेघा मारायच्या म्हणजे बोटाची पेरं. भाजल्यावर बदाम सुटतो, तो जरा जॅम लावून परत चिकटवला की नखाखालून रक्त आल्यासारखं दिसतं. माझ्या पोरीला ते बघून आधी कसंतरी झालं आणि मग तिनंच सगळ्यात जास्त खाल्ली.

मारी बिस्किटांच्या ममी तर पाच वर्षांच्या पोरालाही जमतात. पांढरं कंपाउंड चॉकलेट मारुती चौकाकडं केकच्या सामानाच्या दुकानात मिळालं. गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, भांड्यात पाण्याचा एक थेंबही पडू द्यायचा नाही, नाहीतर चॉकलेट घट्ट होऊन त्याची दाणेदार खरवड होते. मग दुधाच्या पिशवीच्या कोनात भरून बिस्किटावर आडव्यातिडव्या पट्ट्या ओढायच्या आणि दोन काळ्या मनुका डोळ्यांना. मनुका बेदाण्यांना आपल्याकडं काय तोटा नाही, तासगावचा बेदाणा घरात कायम असतो, पण डोळ्यांना काळी मनुकाच लागते, पिवळा बेदाणा उठून दिसत नाही. उरलेलं चॉकलेट किटच्या साच्यात ओतलं, त्याच्या कवट्या आणि भुतं झाली, साच्याचं मी वर कौतुक केलंय ते ह्यामुळं.

इडल्यांची पण भुतं केली, छोट्या इडल्या, मनुकेचे डोळे, आणि बीटाची लाल चटणी. ह्यात सांगण्यासारखं फार काही नाही, पोट भरायला काहीतरी खारं हवं होतं.

ट्रिक ऑर ट्रीटच्या, म्हणजे दारात खाऊ मागायला येणाऱ्या पोरांना द्यायच्या, पुड्या मात्र माझ्या डोक्यातून निघालेल्या आणि मला त्यांचा खरंच अभिमान वाटतोय. खाकी कागदाचे वीतभर चौकोन कापले, त्याच्या तिन्ही-चारी कडा कात्रीनं झिरमिळ्यांसारख्या कापल्या, मधे छोट्या बटरपेपरच्या पुडीत मूठभर भडंग ठेवलं, आणि मधोमध सोललेल्या उसाचं बारीक, वीतभर कांडं उभं करून कागद सुतळीनं आवळला. उलटं धरलं की हुबेहूब चेटकिणीचा झाडू. तुळशीच्या लग्नासाठी बाजारात ऊस आलेलाच असतो. झाडू सोडायचा, भडंग खायचं, दांडा चघळायचा. आमच्या बिल्डिंगमधल्या अकरा पोरांसाठी बनवलेले, दुसऱ्या दिवशी तीन आया बनवायचं कसं विचारायला आल्या. फक्त ऊस अगदी आयत्या वेळी सोला, दुपारी सोलून ठेवलेले दोन-तीन संध्याकाळपर्यंत लालसर पडले.

पाच वर्षांखालच्या पोरांच्या पुडीत शेंगदाणे नकोत, घशात अडकतात, त्यांच्यासाठी मी दाणे वेचून नुसते चुरमुरे ठेवले आणि पुडीला पांढरा दोरा बांधला म्हणजे ओळखू येईल.

डेकोरेशनला किटचं जाळं वापरलं. ते पॉलिस्टरचं असतं, पाकिटातून काढलं की कापसाच्या बोळ्यासारखं दिसतं, पण चिमूट चिमूट ओढून जितकं पातळ कराल तितकं खरं वाटतं, ह्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त गॅलरीत किंवा झाडांवर लावू नका, चिमण्या-बुलबुलांचे पाय अडकतात, आम्ही आत पुस्तकांच्या कपाटावरच लावलं. कमी पडलं तिथं देवाच्या वातींचा कापूस ओढून लावला, फरक कळला पण नाही. आणि जवळपास खरी पणती अजिबात नको, जाळं आणि कापूस दोन्ही भुर्रकन पेटतं, भोपळ्यात पण आम्ही सेलवाला दिवाच ठेवला, दिवाळीतले होतेच.

मेडिकलमधून गॉजची एक गुंडाळी आणली, फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून त्यात भिजवली, उपड्या ग्लासवर फुगा ठेवून त्यावर पसरली. रात्रभर वाळल्यावर फुगा फोडून ग्लास काढून घेतला, तर गॉजचं भूत स्वतःच्या पायावर उभं! आतून दिवा लावला की अंधारात नुसतं धुकं उभं राहिल्यासारखं दिसतं. एक भूत मैद्याच्या खळीत करून बघितलं, त्याला सकाळपर्यंत मुंग्या लागल्या, तेव्हा फेविकॉलच घ्या.

आणि आकाशकंदील. दिवाळीचा काढायचाच होता, तो खाली घेऊन त्याच्यावर केशरी जिलेटिन पेपर चिकटवला, काळ्या कार्डशीटचे डोळे आणि तोंड लावलं. हे थोरल्यानं एकट्यानं केलं. दारात लावल्यावर खाली पार्किंगपासून दिसत होतं, आणि ३१ ला संध्याकाळी बिल्डिंगमधली पोरं तेच बघून एकेक करून वर आली, कोण आईची काळी ओढणी गुंडाळून, कोण पांढऱ्या चादरीत. त्यांना काही नियम माहीत नव्हते, थोरल्यानं दारात उभं राहून सगळ्यांना शिकवलं की आधी बेल वाजवायची, मग काय म्हणायचं.

खर्चाचं बोलायचं तर किट ८९९. घरचं सगळं, डांगर, चॉकलेट, गॉज, कागद, भडंग, ऊस धरून माझे साडेचारशेच्या आसपास गेले, तूप-मैदा-गूळ घरात होतंच. कंपनीला मेल केला, फोटो पाठवले, त्यांनी पैसे परत न देता पुढच्या ऑर्डरसाठी १०० रुपयांचं कूपन दिलं. रंगाच्या नंबरबद्दल विचारलेलं, त्याचं उत्तर अजून नाही, आलं तर इथं टाकेन.

कोणाला नुसते कटर आणि साचा वेगळे मिळत असतील तर जरूर घ्या, ते दीड-दोनशेत येतात, अख्खं किट घेऊ नका. डांगर मात्र ३० च्या आधी कोरू नका. कोरलेल्या कडांना व्हॅसलिन लावलं आणि रात्री फ्रीजमध्ये ठेवलं तरी आपल्या हवेत ते तीन दिवसच टिकतं, आमच्याला २ तारखेला सकाळी तोंडात पांढरी बुरशी दिसली. पोरीनं आणि धाकट्यानं मिळून ते खाली जास्वंदाच्या मुळाशी खड्डा करून पुरलंय आणि वर तीन बिया लावल्यात.